विश्लेषण : मोहाची दारू ‘विदेशी’ झाली, पण फुले वेचणाऱ्यांच्या हाती काय?

मार्च-एप्रिलमध्ये पूर्व विदर्भातील जंगलात मोहाची फुले गळू लागली की बातम्याही दोन प्रकारच्या येऊ लागतात. पहिली नेहमीची : अमुक गावाच्या नाल्याकाठी पोलिसांची धाड, इतके ड्रम मोहसडवा जागीच नष्ट, इतक्या जणांवर गुन्हा. दुसरी अलीकडची : मुंबई-गोव्यातील एखाद्या बारमध्ये मोहाच्या मद्याचे अनावरण आणि त्याच्या चवीचे वर्णन. सुक्या फुलांचा दरवळ, मनुकांचा गोडवा, शेवटी किंचित मातकट-धुरकट छटा. दोन्ही बातम्यांतील फूल एकच आहे, ते आंबवून गाळण्याची क्रियाही मूलतः एकच आहे. फरक परवान्याचा, भांड्याचा आणि बाटलीवरच्या कागदाचा. महाराष्ट्राने २०२२ मध्ये मोहफुले आणि काजूच्या बोंडांपासूनच्या मद्याला ‘देशी’तून काढून ‘विदेशी मद्या’च्या वर्गात बसवले. शेजारच्या गोव्याने फेणीबाबत त्याआधीच वेगळी वाट धरली होती. या दोन मद्यांची चव कशी घडते आणि वर्ग बदलल्याने त्यातला पैसा कुणाकडे जातो, हे एकत्रच पाहावे लागते.

‘क्राफ्ट’ मद्य म्हणजे नेमके काय?

परवाना देताना महाराष्ट्राचे नियम देशी मद्य, विदेशी मद्य, वाइन, बीअर असे वर्ग पाहतात. ‘क्राफ्ट’ हा त्यातला वर्ग नाही, तो बाजारातला शब्द आहे. थोड्या प्रमाणात, हाताने लक्ष ठेवून, कच्च्या मालाची चव राखून केलेले मद्य एवढाच त्याचा ढोबळ अर्थ. तो का महत्त्वाचा ठरला, हे समजण्यासाठी आपल्याकडील बहुतांश बाटलीबंद मद्य कसे बनते ते पाहायला हवे.

साखर कारखान्यातील मळी किंवा धान्य आंबवून उंच मनोऱ्यांत त्याचे सलग ऊर्ध्वपातन केले जाते. त्यातून सुमारे ९६ टक्के शुद्धतेचा मद्यार्क मिळतो. त्याला मूळ पदार्थाची चव जवळपास उरतच नाही, तशी ती उरू नये हाच त्या यंत्राचा हेतू असतो. मग त्यात पाणी, रंग, स्वाद किंवा थोडे माल्ट मद्य मिसळून कुणाला व्हिस्की म्हणायचे, कुणाला रम, हे ठरते. अलीकडे गाजलेल्या भारतीय क्राफ्ट जिनही अनेकदा असाच मद्यार्क विकत घेऊन त्यात जुनिपरची फळे, लिंबाच्या साली, मसाले घालून पुन्हा गाळलेल्या असतात. त्यात कौशल्य आहेच, पण ते दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होते.

मोह आणि फेणीचे तसे नाही. फूल किंवा फळ आंबवण्यापासून सगळे एकाच ठिकाणी घडते आणि भांड्यातून गाळल्यामुळे फुलाफळाचा गंध मद्यात उतरतो. म्हणजे व्याख्येच्या काटेकोर कसोटीवर पाहिले, तर ‘क्राफ्ट’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीपासून ही दोन्ही मद्ये क्राफ्टच होती. फक्त ती गाळणाऱ्यांना कुणी कारागीर म्हणत नव्हते.

मोहाची दारू गाळतात कशी?

मोहाचे फूल मांसल, फिक्या पिवळसर रंगाचे आणि रसाने भरलेले असते. ते झाडावरून तोडत नाहीत. पहाटे खाली पडलेली फुले उन्हे चढायच्या आत टोपलीत वेचली जातात. हे काम मुख्यतः बायका आणि मुलांचे. खालचा पाचोळा दूर व्हावा, फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखाली आग लावण्याची पद्धत आहे आणि उन्हाळ्यातील अनेक वणव्यांचे मूळ त्यात असते. झाडाखाली जाळी बांधली की आगीची गरज उरत नाही, फुलांना मातीही लागत नाही. मद्याच्या चवीशीही याचा थेट संबंध आहे. मातीत पडलेली, अर्धवट सुकलेली, बुरशी धरलेली फुले वापरली की येणारा कुबट वास पुढे कितीही गाळून जात नाही.

वेचलेली फुले काही दिवस उन्हात वाळवतात. ती तपकिरी, चिकट, मनुकांसारखी होतात आणि नीट ठेवली तर पुढचा हंगाम येईपर्यंत टिकतात. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक साखर असते. म्हणूनच दुष्काळात मोह हे अन्न होते. भाकरी, लाडू, गुरांचे खाद्य असे त्याचे उपयोग आजही आहेत. मोह म्हणजे दारू हे समीकरण जंगलाबाहेरच्या माणसाचे आहे.

दारूसाठी सुकी फुले पाण्यात भिजत घालतात. फुलांवर आणि हवेत असलेल्या यीस्टमुळे ती आपोआप आंबू लागतात. हवामानानुसार चार-पाच दिवसांपासून आठवडाभरात बुडबुडे येणे थांबते. हाच तो पोलिसांच्या पंचनाम्यातला सडवा. घाई असलेले लोक त्यात काळा गूळ आणि नवसागर टाकतात. गुळाने मद्य वाढते, पण फुलाची चव पातळ होते. बाजारासाठी गाळलेली आणि घरच्या लग्नासाठी गाळलेली दारू यांतला फरक बहुधा इथेच पडतो.

पुढची मांडणी साधी आणि हुशार आहे. चुलीवर सडव्याचे मडके. त्याच्या तोंडावर दुसरे भांडे आणि सर्वात वर थंड पाण्याचे पातेले. सांधे ओल्या मातीने किंवा कणकेने लिंपलेले. वाफ वरच्या थंड पातेल्याच्या बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि आत ठेवलेल्या लहान भांड्यात पडतात. काही ठिकाणी याऐवजी नळीने वाफ बाहेर काढून पाण्यात ठेवलेल्या मडक्यात उतरवतात. वरचे पाणी तापले की बदलायचे. पाणी किती वेळा बदलले यावर दारूची ताकद मोजली जाते. सुरुवातीच्या पाण्यावर निघालेली कडक, पुढे ती फिकी होत जाते. मद्यार्कमापक हाती नसलेल्या माणसाने शोधलेले हे मोजमाप बरेच विश्वासार्ह आहे, कारण उकळत्या सडव्यातील मद्यार्क आधी निघून जातो आणि मग वाफेत पाण्याचा वाटा वाढतो.

‘पहिल्या धारेची’ चांगली की वाईट?

मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल आणि कडक. परवानाधारक भट्टीतला तज्ज्ञ मात्र या पहिल्या धारेचा आरंभीचा भाग फेकून देतो. त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड, एथिल अ‍ॅसिटेट यांसारखी लवकर उडणारी द्रव्ये असतात. त्यांचा वास नखांचा रंग काढणाऱ्या द्रावासारखा, नाकाला झोंबणारा. शेवटच्या धारेत जड, तेलकट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास असलेली द्रव्ये येतात. मधली धार ठेवायची. कुठून सुरू करायची आणि कुठे थांबवायची, हा निर्णय म्हणजेच या धंद्यातले खरे कसब. यंत्र मदत करते, पण शेवटचा शब्द नाकाचा.

डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने बाजारात आणलेले ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ किंवा आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात भट्टी असलेल्या अगावे इंडियाचे ‘डेसमंडजी’ या नावाचे मोहाचे मद्य गावच्या दारूपेक्षा वेगळे लागण्याचे कारण बव्हंशी या निवडीत आहे. दुसरे कारण भांडे. मातीच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याऐवजी तांबे वापरले, तर आंबवताना तयार झालेली गंधकयुक्त द्रव्ये तांब्याशी संयोग पावतात आणि कोबीसारखा उग्र वास कमी होतो. तिसरे, आंबवण्याचे तापमान. चैत्र-वैशाखात उघड्यावर ठेवलेला सडवा फार तापतो, झोंबणारी द्रव्ये वाढतात. गार ठेवला तर फुलाचा गंध अधिक राहतो. चौथी गोष्ट धूर. लाकडाची चूल आणि मातीचे सांधे यांमुळे गावच्या दारूला येणारी धुरकट छटा बंदिस्त भट्टीत जवळपास नाहीशी होते. काहींना ते बरे वाटते. ज्यांनी मूळ चव घेतली आहे त्यांना हे मद्य सभ्य, पण थोडे ओळख हरवलेले वाटू शकते, आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही.

अशा मद्याची चव पाहण्याची रीत सोपी आहे. घोट घेण्याआधी पेला नाकापासून थोडा दूर ठेवून वास घ्यायचा. मग दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा. पाण्याने मद्यार्काची झणझण कमी होते आणि दबलेले गंध वर येतात. चांगल्या मोहाच्या मद्यात सुकी फुले, मध, मनुका आणि खजूर यांच्या आसपासचा गंध असतो, पण जिभेवर ते गोड नसते, कारण साखर मद्यासोबत गाळून येत नाही. जिभेला गोड लागले, तर ते वरून घातलेले आहे. असे ठरवून गोड केलेले मद्य म्हणजे लिक्युअर. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्यात लिटरमागे सर्वसाधारणपणे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के मद्यार्क असावा लागतो. मोहाचे लिक्युअरही बाजारात आले आहे. साखर आणि मसाल्यामागे सदोष मद्यार्क लपवणे सोपे असते, म्हणून भट्टीचे कसब जोखायचे तर बिनगोडाचे मद्यच पाहावे.

काडी लावून जळते म्हणजे दारू शुद्ध, हा गावोगावचा समज मात्र घातक आहे. जळणे हे फक्त मद्यार्क भरपूर असल्याचे लक्षण आहे आणि विषारी मिथेनॉलही जळते. आंबवताना मिथेनॉल तयार होते, पण अत्यल्प. मोठ्या विषारी दारूकांडांत माणसे मेली ती बहुतेकदा औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने. २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक बळी गेले ते त्यामुळेच. म्हणजे धोका भट्टीच्या पद्धतीपेक्षा बेकायदा पुरवठ्याच्या साखळीत अधिक आहे. अर्थात, विषारी नसलेले मद्य निरोगी ठरत नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

फेणीची वाट वेगळी कशी?

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला. त्याआधी आणि नंतरही माडाच्या सुरेपासून गाळलेली फेणी होतीच. ती गाळणारे रेंदेर अजूनही दक्षिण गोव्यात आहेत. पण आज फेणी म्हटले की काजूच डोळ्यांसमोर येतो.

फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलाच घेतात. बी पिरगळून काढायची आणि बोंडू कातळात कोरलेल्या कोळंबीत टाकून पायांनी तुडवायचे. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आले आहे. तुडवून निघालेला रस आंबवण्यासाठी जातो. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर वजन ठेवले की रात्रभर थेंब थेंब झिरपतो तो निरो. तो आंबवत नाहीत, थंड करून तसाच पितात. रस जमिनीत अर्धवट पुरलेल्या मोठ्या मातीच्या भांड्यात साधारण तीन दिवस राहतो. वरून यीस्ट घालत नाहीत.

पहिल्यांदा गाळल्यावर मिळतो तो हुर्राक, सुमारे १५ टक्के मद्यार्काचा, हंगामापुरताच मिळणारा आणि म्हणूनच गोवेकरांचा जीव की प्राण. तो पुन्हा गाळला की काजुलो आणि तिसऱ्यांदा गाळली की फेणी, असा जुना क्रम. आता तिसरी पाळी क्वचितच घेतली जाते, दुसऱ्या पाळीचे मद्यच फेणी म्हणून विकले जाते. बाटलीबंद फेणीत सहसा ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ‘फेणी’ हे नाव फेसावरून आले असे मानतात. ओतताना येणारा फेस आणि तो किती वेळ टिकतो, यावरून जुने भाटीवाले ताकद सांगत.

फेणीचा वास हा तिचा शत्रू आणि मित्रही. अतिपिकलेल्या फळाचा, काहीसा हिरवट आणि तिखट असा तो गंध बोंडूतील एस्टरांमुळे येतो आणि फेणी तेच गंध राखून ठेवते. बाहेरच्या बाजारासाठी तो ‘सौम्य’ करण्याचा मोह अनेक उत्पादकांना झाला. पण गेल्या दहा-बारा वर्षांत फेणीला जो नवा ग्राहक मिळाला, तो हाच उग्र गंध शोधत आला. मेक्सिकोच्या मेस्कालच्या बाबतीतही जगाने हेच पाहिले होते. दुक्शिरी म्हणजे अनंतमुळाची मुळे घालून मुरवलेली फेणी हा तिचा घरगुती अवतार. तो गोड नसल्याने लिक्युअर नव्हे, मुरवण आहे.

गोव्याने यात तीन पावले टाकली. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये राज्याच्या अबकारी कायद्यात दुरुस्ती करून फेणीला ‘देशी दारू’च्या व्याख्येतून बाहेर काढण्यात आले आणि ‘वारसा मद्य’ हा दर्जा मिळाला. २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आले. ‘देशी दारू’ हा शिक्का अडचणीचा होता, कारण तो असेपर्यंत इतर राज्यांत आणि चांगल्या हॉटेलांत फेणी पोहोचणे जवळपास अशक्य होते. मात्र लहान भाट्यांचा दर्जा एकसारखा नसणे आणि स्वस्त मद्यार्कात स्वाद मिसळून ‘फेणी’ विकली जाणे, या दोन तक्रारी मानांकनानंतरही संपलेल्या नाहीत.

मग सिंधुदुर्गाचे काय?

दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात काजू मुबलक. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेली काजूची वाणे देशभर लावली जातात. झाड तेच, बोंडू तोच, कित्येक ठिकाणी नातेवाईकही सीमेच्या दोन्ही बाजूंना. पण भौगोलिक मानांकन गोव्यापुरते असल्याने सिंधुदुर्गात त्याच पद्धतीने गाळलेल्या मद्याला फेणी म्हणता येत नाही. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचा बोंडू इथे मोठ्या प्रमाणात झाडाखालीच कुजतो. तो तोडल्यावर दिवसभरातच खराब होऊ लागतो, दूरच्या कारखान्यात नेणे परवडत नाही. त्यामुळे त्याचे मद्य करायचे तर भट्टी बागेजवळ आणि लहानच हवी. परवान्याची रचना मात्र मोठ्या कारखान्यांचा विचार करून झालेली आहे. कोकणातील काजू उत्पादकाची खरी अडचण ‘देशी की विदेशी’ ही नसून ही आहे.

‘विदेशी’ दर्जा कशासाठी?

महाराष्ट्रात देशी मद्याची विक्री ठरावीक दुकानांतून, नियंत्रित किमतीत होते. मळीच्या स्वस्त मद्यार्कासाठी ही व्यवस्था चालते. पण फुले वेचून, आंबवून, दोनदा गाळलेले मद्य त्या किमतीत विकणे तोट्याचे. म्हणून राज्य सरकारने २०२२ मध्ये मोहफुले आणि काजूबोंडांच्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात नेले. आदिवासींच्या पिढ्यानपिढ्यांच्या पेयाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून कागदोपत्री ‘विदेशी’ व्हावे लागले. गोव्याने निदान ‘वारसा’ असा स्वतःचा शब्द तरी शोधला होता.

त्याआधी २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि वाहतूक करणे यावरील निर्बंध सरकारने उठवले. हे निर्बंध किती जुने, हे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात उरणमध्ये पारशी मालकांच्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि त्यांच्यासाठी मोह थेट पंचमहालातून येत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपाचा हक्क मोजक्या ठेकेदारांच्या हाती एकवटला. घरोघरी दारू निघत राहिली तर ठेकेदाराची दारू खपणार कशी? म्हणून १८९२ च्या ‘म्हौरा कायद्या’ने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच बंधने आणली. झाडाखाली पडलेले अन्न घरी ठेवणे हा गुन्हा झाला तो सार्वजनिक आरोग्यासाठी नव्हे, महसुलासाठी. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हेतू बदलला, पण पकड तीच ठेवली. आजही हातभट्टीवर गुन्हा नोंदवला जातो तो याच कायद्याच्या कलम ६५ खाली.

त्यात २०२५ मध्ये आणखी एक वळण आले. राज्याने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केले (लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मिती खर्च असलेल्या मद्यासाठी) आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा स्वस्त मद्याचा नवा वर्ग तयार केला. पण तो धान्यापासूनच्या मद्यासाठी आहे. म्हणजे स्थानिक मद्याला सवलत देण्याची इच्छा राज्याला आहे, फक्त ती ज्वारी-मक्याच्या मोठ्या कारखान्यांकडे गेली. फुला-फळांचे मद्य महागड्या आयात मद्याशी स्पर्धा करणाऱ्या वर्गातच राहिले.

बाटलीत फुलांचा वाटा किती?

हिशेब अवघड नाही. एक टन सुक्या मोहफुलांपासून ९५ टक्के शुद्धतेचा सुमारे ३४० लिटर मद्यार्क मिळतो, असे मानले जाते. म्हणजे किलोला साधारण ३२० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. ४२.८ टक्के मद्यार्काच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत तेवढाच असतो. थोडक्यात, एक किलो फुले, एक बाटली. पहिल्या आणि शेवटच्या धारेची घट धरून दीड किलो म्हणू. छत्तीसगडने २०२० मध्ये फुलांचा आधारभूत दर किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला होता. त्या दराने दीड किलो फुलांचे ४५ रुपये होतात. बाटली आठशेला विकली काय किंवा चार हजारांना विकली काय, फुले वेचणाऱ्याचा वाटा तेवढाच.

उरलेले पैसे अर्थातच नफाच नसतात. कर, बाटली, वितरकाचा आणि दुकानाचा वाटा, तांब्याची भट्टी, जाहिरात हे सगळे त्यात आहे. तरीही फुलांचा दर दुप्पट केला तर बाटलीमागे वाढ होते ४५ रुपयांची. ‘दर वाढवला तर धंदा परवडणार नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. प्रत्यक्षात दर ठरतो तो बाजारपेठेपासून दूर, हंगामात. घरात पैशांची चणचण आणि साठवायला कोरडी जागा नाही, म्हणून फुले लगेच विकली जातात. अनेक गावांत तीच फुले पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने परत घ्यावी लागतात. कोरडे गोदाम ही मद्य धोरणात कुठेही न दिसणारी गोष्ट या साखळीत सर्वात मोलाची आहे.

मध्य प्रदेशने यात वेगळा प्रयोग केला. ‘वारसा मद्य’ गाळण्याचा परवाना आदिवासींच्या बचत गटांनाच द्यायचा, असे तिथल्या सरकारने ठरवले. त्यातून अलिराजपूरमधील ‘मोंड’ आणि दिंडोरीतील ‘मोहुलो’ ही मद्ये आली. कंपनीला फुले विकण्याऐवजी भट्टीच गावाच्या मालकीची, हे त्यातले सूत्र. बचत गटापुढे विक्रीचे जाळे, दर्जाची एकसारखी राखण आणि खेळते भांडवल या अडचणी उभ्या राहतातच. पण फायदा कुणाचा, या प्रश्नाला निदान परवान्याच्या पातळीवर उत्तर दिले गेले. महाराष्ट्राच्या निर्णयात अशी अट नाही.

विरोध का आणि कुणाचा?

महाराष्ट्रातील मोहाचा मोठा पट्टा असलेल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून लादलेली नाही, गावोगावच्या बायकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या चळवळीतून आली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली, तेव्हा गडचिरोलीतील दारूमुक्तीच्या कार्यकर्त्यांनी तीव्र आक्षेप घेतला होता. त्यांचे म्हणणे सरळ आहे : मोहाच्या मद्याला प्रतिष्ठा दिली की सरकारच विक्री वाढवण्यात गुंतते आणि किंमत मोजावी लागते ती घरातल्या बाईला. ‘आदिवासी संस्कृती’चा दाखला बाटलीच्या विक्रीसाठी देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवे, की १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातमधील ‘देवी’च्या चळवळीत हजारो आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली होती आणि त्यांचा रोख दारूविक्रेत्यांच्या सावकारीवरही होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बंदी असूनही सडवा सापडत राहतो. गुन्हे बहुतांशी गरिबांवर, त्यातही अनेकदा विधवा आणि भूमिहीन बायकांवर नोंदले जातात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना स्वतःच्या वापरापुरते मद्य गाळण्याची मर्यादित मुभा आहे. पूजा, लग्न, मयत यांत मोहाच्या धारेला स्थान असलेल्या समाजात ही मुभा आणि व्यापारी परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील चर्चेत त्या एकमेकींत मिसळल्या जातात.

कायद्यात यावर एक मार्ग आधीच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार, असे दोन्ही दिले आहे. गडचिरोलीतील ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपानांची विक्री स्वतः करून दाखवली आहे. मोहफुलांबाबतही दर ठरवणे, गोदाम उभारणे, भट्टीला परवानगी देणे किंवा ती साफ नाकारणे हे त्याच ग्रामसभेचे विषय आहेत. मात्र मद्यनिर्मितीच्या परवान्यासाठी अर्ज उत्पादन शुल्क विभागाकडे करायचा असतो. फुलाची मालकी एका कायद्यात आणि धारेची दुसऱ्या कायद्यात, अशी आजची स्थिती आहे.